भांड्यातला कार्बन कुणाचा?

दुकानात दोन गोष्टी न मागवता साठतात. एक म्हणजे तोंड उडालेल्या बाटल्या, अन् दुसरी म्हणजे गिऱ्हाइकांच्या गोष्टी. बाटल्या मी दर दिवाळीला भंगारात घालतो. गोष्टी मात्र कुठलाच भंगारवाला नेत नाही! त्या डोक्यातच राहतात, एकीवर एक रचलेल्या. खालची काढायला गेलं की वरच्या दोन अंगावर येतात.

परभणीत माझं सायंटिफिकचं दुकान आहे. परीक्षानळ्या, ॲसिड, स्पिरिट, तराजू, गॅसचे सिलिंडर, असं शाळा-कॉलेजच्या लॅबला लागणारं सगळं. वडिलांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती, मी या धंद्यात आलो. शिकलो बारावीपर्यंत, तेही आर्ट्सला. केमिस्ट्री शिकलो ती बाटल्यांवरची लेबलं वाचून, अन् प्राध्यापकांना "सर, हे कशाला लागतं?" असं विचारून. आजवर एकाही प्राध्यापकानं सांगायला नाही म्हटलेलं नाही. उलट थांबवावं लागतं!

सगळ्यात जास्त किस्से एकाच खोलीतले आहेत. एका कॉलेजातली केमिस्ट्रीची रिसर्च लॅब. माणसं तीन. सोळंके मॅडम या प्रमुख. बोलणं कमी, चष्म्यावरून बघणं जास्त. गफूरभाई लॅब अटेंडंट, रिटायर व्हायला आलेले. अन् उषा, झरीच्या रामकिशनरावांची मुलगी, पीएच.डी. करणारी.

काम काय, तर कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, त्याच्यावर उजेड सोडायचा, अन् एका पावडरीच्या मदतीनं त्याचा कार्बन मोनॉक्साइड करायचा. तो विषारी असतो, पण कारखान्यात त्यापासून इंधन, औषधं, काय काय बनतं म्हणे. धूर उलटा फिरवून कामाला लावायचा, एवढं मला कळलं. उषाचं चौथं वर्ष चालू होतं, फेलोशिप संपत आली होती. एक चांगला पेपर छापून आला तर थिसिस, नाहीतर चार वर्षं गेली हवेत. हे तिला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, अन् गफूरभाईंमुळं कॉलेजच्या कँटीनलाही माहीत होतं!

*

उषा पहिल्यांदा दुकानात आली ती कोबाल्टचा क्षार घ्यायला. माझ्याकडची सगळ्यात लहान बाटली पंचवीस ग्रॅमची. ती हातात घेऊन म्हणाली, "अप्पा, एवढी मला दोन जन्म पुरंल."

मी म्हटलं, "मग धातू घालता का नुसता वास देता?"

तिनं काउंटरवर बोटानं रेघा ओढल्या. "हे समजा रान. युरिया भट्टीत भाजून आमी पिवळी पावडर करतो, ती म्हणजे हे रान. कोबाल्ट म्हणजे सरकी. मुठीनं फेकली तर ढीग होतो, खालचं बी वाया जातं. म्हणून आमी एकेक दाणा टोबतो. एका जागी एकच अणू. मग प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं."

वडिलांच्या रानात सरकी टोबलेल्या मुलीनं अणूची लागवड सांगितली अन् मला पहिल्या झटक्यात कळली. हेच एका प्राध्यापकानं मला अर्धा तास सांगितलं होतं, तेव्हा मी नुसती मान हलवली होती.

मी विचारलं, "अन् दोन अणू येऊन एका जागी बसले तर?"

"तर मॅडम त्यांच्यासकट मला बाहेर काढतात!"

*

हा त्याच्याच शेपटाचा किस्सा. मोठ्या शहरातल्या एका मायक्रोस्कोपवर तिचा नंबर कित्येक महिन्यांनी लागला. परत आली ती सरळ दुकानात. मोबाइलवर फोटो, काळ्यावर पांढरे ठिपके.

"अप्पा, हे बघा. एकेक ठिपका म्हणजे एकेक अणू."

आता आमची नजर मोंढ्यातली. ढिगात हात घातला की दाणा दिसायच्या आधी खडा दिसतो. मी चष्मा लावला अन् बोट ठेवलं, "हे दोघं एकमेकाला चिकटलेत."

तिचा चेहरा उतरला. "एवढं आभाळभर ठिपके हायत, अन् तुमाला नेमके तेच दोन दिसले?"

"मॅडमना किती वेळ लागला?"

"तुमच्याहून कमी!"

*

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर माझ्या दुकानातून लॅबला ऑटोतून जायचा. एकदा उषा सोबत बसली. मी मागून मोटरसायकलवर. रेल्वे फाटकाला ऑटो थांबला. ऑटोवाला बोलका माणूस, मागं वळून म्हणाला, "ताई, गॅस हाय का? भडका व्हायचा न्हाई ना?"

"न्हाई हो भाऊ. कार्बन डायऑक्साइड हाय. आग विझवतो तो."

"म्हणजे गाडीच्या धुरात असतो तो? ज्यानं गरमी वाढायलीय म्हणतात?"

"तोच."

"जगात लय झालाय म्हणतात ना तो?"

"हो."

ऑटोवाल्यानं सायलेन्सरकडं बघितलं, सिलिंडरकडं बघितलं. "मग इकत कशाला आणायलाय? मी दिवसभर फुकट सोडायलोय की!"

"भाऊ, तुमचा चालत न्हाई. त्यात भेसळ असते. आमाला शुद्ध लागतो."

फाटक उघडलं. ऑटोवाला गिअर टाकता टाकता म्हणाला, "आता प्रदूषणबी शुद्ध पायजे! या अल्ला!"

*

आता उन्हाचा किस्सा. या कामाला उजेड लागतो, अन् त्यासाठी लॅबमध्ये एक जबरदस्त दिवा होता. गफूरभाई त्याला "नकली सूरज" म्हणायचे. खोलीला पडदे, आत एसी, मधे काचेचं भांडं, अन् त्याच्यावर हा दिवा. मे महिन्यातली दुपार. मी बाहेरून घामानं भिजून गेलो होतो. मला राहवलं नाही.

"मॅडम, बाहेर परभणीचा सूर्य माणूस भाजायलाय. तो सोडून तुम्ही दार लावून नकली सूर्य पेटवताय?"

 उषाला ते पटलं. मॅडम मीटिंगला गेल्यावर आम्ही तिघांनी भांडं गच्चीवर नेलं. भांडं गार राहावं म्हणून बर्फाच्या टबात ठेवलं. पहिल्या पंधरा मिनिटांत बर्फ संपला. गफूरभाई ज्यूसवाल्याकडून दुसरा घेऊन आले, तोही संपला. मग ढग आला. ढग गेला तर पाण्याच्या टाकीची सावली आली. आम्ही टब सरकवला, सावलीही सरकली. तासाभरानं असं झालं की सूर्य जागेवर अन् आम्ही तिघं टब घेऊन गच्चीला प्रदक्षिणा घालतोय!

मॅडम मागं येऊन उभ्या आहेत हे आम्हाला फार उशिरा कळलं. उषा जागीच थिजली. गफूरभाईंनी टब माझ्या हातात दिला.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अप्पा, तुमचा सूर्य चांगलाच आहे. पण त्याला बटण नाही. मला दिवा लावण्याइतकंच तो बंद करून बघायचं असतं."

मी बरेच दिवस त्या वाक्याचा विचार करत होतो. आम्ही दुकानदार माणसं चालू वस्तू विकतो. ती बंद असताना काय होतं, हे बघायला कोण कशाला थांबतं?

*

गफूरभाईंचं भांडं धुणं बघण्यासारखं होतं. त्यांच्या हातून निघालेल्या काचेवर थेंब थांबत नसे. म्हणायचे, "अप्पा, शीशे में अपना मुंह नहीं दिख्या, तो वो धुल्याच नहीं!"

एके वर्षी लॅबमधल्या ओव्हनची कॉइल जळाली. भांडी त्याच ओव्हनमध्ये सुकवायची. नवी कॉइल माझ्याकडून यायची होती, अन् मी आज-उद्या करत राहिलो. कंपनी पाठवत नव्हती, मीही जोर लावला नाही. खोटं कशाला सांगू? तेवढ्यात जुनं भांडं फुटलं, नवं मीच दिलं. देताना गफूरभाईंना एक युक्तीही दिली, वर फुकट. "ओव्हन नसला म्हणून काय झालं? शेवटी थोडं ॲसिटोन फिरवा. दोन मिनिटांत भांडं कोरडं. सगळ्या लॅबमध्ये करतात."

करतातच. त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतरच्या महिन्यात उषाचं नशीब फिरलं! मशीनच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडची टेकडी उमटते. आतापर्यंत ती टेकाडाएवढी येत होती, आता थेट डोंगर यायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. मॅडम त्या दिवशी चक्क हसल्या. गफूरभाई सगळ्यांना सांगत सुटले, "उषाबाई का पहाड निकल्या!" पेपर लिहून झाला. सोमवारी पाठवायचा ठरला.

शनिवारी उषा पेढे घेऊन दुकानात आली. कागदावरचा डोंगर मला दाखवला. मी पेढा तोंडात टाकला अन् आमच्या मोंढ्याच्या सवयीनं विचारलं, "बारदाना वजा केला ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे पोत्यासकट वजन केलं तर पोतं आधी रिकामं तोलायचं. नाहीतर ताग हरभऱ्याच्या भावानं जातो. तुझ्या भांड्यात कार्बन डायऑक्साइड न घालता दिवा लावला तर काय येतं?"

ती हसली. "अप्पा, ते पहिल्या वर्षीच केलंय. दुसरा गॅस भरून बघितला होता, आरगॉन. त्याच्यात कार्बनच नसतो. काहीसुदिक आलं न्हाई."

"ते जुन्या भांड्यात का?"

तिचा हात पेढ्याच्या खोक्यावर तसाच राहिला. मग ती तशीच निघून गेली. पेढ्याचं खोकं माझ्याच काउंटरवर विसरली.

सोमवारी सकाळी मी खोकं द्यायला लॅबमध्ये गेलो. भांड्यात नुसता आरगॉन होता. दिवा चालू. तिघंही मशीनच्या पडद्यासमोर उभे. अन् पडद्यावर डोंगर हळूहळू चढत होता. तसाच्या तसा.

कार्बन डायऑक्साइडचा एक कणही नसलेल्या भांड्यात!

*

शोध लागायला दोन दिवस लागले. काच कोरडी होत होती, त्यात वाद नाही. पण भांड्याच्या तोंडाला रबरी बूच होतं. ते ॲसिटोन पिऊन बसायचं, अन् दिवा लागला, भांडं तापलं, की हळूहळू आत सोडायचं. पावडर बिचारी इमानदार. समोर येईल त्याचे तुकडे करत होती, अन् ॲसिटोनमध्येही कार्बन असतोच. डोंगर कार्बन डायऑक्साइडचा नव्हता, आमच्या ॲसिटोनचा होता.

मॅडमनी आम्हा तिघांना बसायला सांगितलं. मलाही. गफूरभाई उभेच राहिले.  "मॅडम, गलती मेरी है. मैं ने फिराया वो. बच्ची का चार साल का काम..."

मी म्हटलं, "युक्ती माझी. कॉइल पण माझ्याकडंच अडकली."

उषा खाली बघून गफूरभाईंना म्हणाली, "मामा, तुमाला घाई करा म्हणून रोज मीच मागं लागत होते. अन् भांडं बदलल्यावर रिकामं तोलून बघायचं काम माझं होतं."

तिघं आपापली चूक पुढं सरकवतोय अन् घ्यायला कोणी तयार नाही, असा तो मामला! शेवटी मॅडम म्हणाल्या, "झालं का वाटून? आता ऐका. पेपर जात नाही."

एवढंच. उषानं बॅग उचलली अन् झरीची गाडी पकडली.

*

आठ दिवस झाले, फोन लागेना. कॉइल मी त्याच दिवशी निघून औरंगाबादहून स्वतः जाऊन आणली, ओव्हनमध्ये बसवली. पण ओव्हन चालू होऊन काय उपयोग, भांडं लावणारीच नाही. एका सकाळी मॅडमनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. मी मोटरसायकल काढली अन् झरी गाठलं.

रामकिशनरावांच्या अंगणात उषा ओल्या गोणपाटाची गुंडाळी उलगडून बसली होती. पेरणी तोंडावर आलेली. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवलं होतं, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे अन् किती उगवले ते बघायचं, हा आमच्याकडचा रिवाज. ती एकेक मोड मोजत होती. माझ्याकडं बघितलं, पण मोजणी सोडली नाही.

"एक्केचाळीस," म्हणाली.

रामकिशनराव बाजेवर बसले होते. मला पाणी दिलं. म्हणाले, "एक्केचाळीस म्हंजे बी गेलं, अप्पा. मळणीत मार बसला असल."

"मग आता?"

"आता काय? दुसरं बघायचं."

"वाईट झालं," मी म्हटलं.

"वाईट कशाचं?" त्यांना माझं बोलणं खरंच कळलं नाही. "आज अंगणात कळलं. पेरल्यावर रानात कळलं असतं तर वाईट."

ते मला उद्देशून बोलत होते, सोयाबीनबद्दल बोलत होते. पोरीच्या लॅबमध्ये काय घडलं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. उषानं गोणपाट झटकलं, उठली, हात धुतले. परत निघताना मी मोटरसायकलला किक मारली तर मागं वजन आलं.

बॅग घेऊन बसली होती. म्हणाली, "अप्पा, कॉइल बसवली का अजून आज-उद्याच?"

*

पुढचं वर्ष सरळ नव्हतं. फेलोशिप संपली. उषा सकाळी एका ज्युनिअर कॉलेजला शिकवायची अन् दुपारी लॅबला यायची. भांडं ओव्हनमध्ये तापवून सुकवायचं, रबरी बूच काढून काचेचं लावलं, अन् प्रत्येक प्रयोगाच्या आधी आरगॉन भरून रिकामं भांडं तोलायचं. गफूरभाईंनी ॲसिटोनची बाटली कपाटात कुलपात घातली अन् किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. मागितलीही नाही परत.

डोंगर गेला. त्या जागी एक टेकाड उरलं, मुंग्यांच्या वारुळाएवढं. पण आरगॉन भरला की ते नाहीसं व्हायचं, अन् दिवा बंद केला तरी नाहीसं व्हायचं.

मॅडमचं समाधान तेवढ्यानं होईना. म्हणाल्या, "हा कार्बन आपण भरलेल्या गॅसमधलाच आहे, हे त्या कार्बनलाच सांगू दे."

त्यासाठी एक खास कार्बन डायऑक्साइड मिळतो. लहानशी बाटली, मीच मागवून दिली. नेहमीच्या कार्बनचं वजन बारा, ह्यातल्याचं तेरा. बाकी गुण तेच. बाजारात बैल चुकू नये म्हणून शिंगाला रंग लावतात, तसा प्रकार. हा गॅस भांड्यात भरायचा, दिवा लावायचा, अन् तयार झालेला मोनॉक्साइड वजनाच्या मशीनवर तोलायचा. ऑक्सिजनचे सोळा धरून, साधा असला तर अठ्ठावीस भरणार. आपण भरलेल्यातला असला तर एकोणतीस. मधलं काही नाही.

ते मशीन परभणीत नाही. उषा नमुने घेऊन लांबच्या एका संस्थेत गेली. त्या दिवशी मी एका बहाण्यानं लॅबमध्ये जाऊन बसलो होतो. मॅडम कसलेसे पेपर तपासत होत्या, पण तासाभरात पान उलटलं नव्हतं. गफूरभाई धुतलेलं भांडं पुन्हा धूत होते.

फोन वाजला. मॅडमनी स्पीकर लावला. पलीकडून उषाचा आवाज, "मॅडम, एकोणतीस."

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना चष्म्याशिवाय मी पहिल्यांदा बघितलं.

गफूरभाई घाबरून माझ्याकडं वळले, "एकोणतीसच? अरे, पास व्हायला पस्तीस लगते ना!"

*

आता शेवटचा. टेकाडाचा पेपर छापून आला, थिसिस झाला, परीक्षकांनी वाचला, अन् उषाच्या ओपन व्हायव्हाचा दिवस आला. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत प्राध्यापक, मागं विद्यार्थी, अन् सगळ्यात मागच्या रांगेत मी अन् रामकिशनराव. ते धुवट धोतर, टोपी घालून सकाळच्या पहिल्या गाडीनं आले होते. पोरीचं बोलणं अर्धं इंग्रजीत चाललेलं. ते पडद्याकडं न बघता तिच्याकडंच बघत होते.

बाहेरगावचे परीक्षक जाणते माणूस होते. त्यांनी थिसिस उघडून विचारलं, "हे चौथं प्रकरण. हा सगळा डोंगर चुकीचा होता, असं तुम्हीच लिहिलंय. हे छापलेलंही नाही. मग ठेवलं कशाला? काढलं असतं तर मला कळलंही नसतं."

उषा म्हणाली, "सर, पुढं कुणाच्या तरी ओव्हनची कॉइल जळणारच आहे. त्याच्या उपयोगी पडेल."

परीक्षक मोठ्यानं हसले. माझे कान गरम झाले. गफूरभाई दाराशी चहाचे कप मांडत होते, त्यांनी एक कप जरा जोरातच ठेवला.

प्रश्न संपले. मग अध्यक्षांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "सभागृहातल्या कोणाला काही विचारायचं आहे?" हा व्हायव्हाचा नियम आहे, कुणालाही विचारता येतं. विचारत मात्र कुणीच नाही. अध्यक्ष एवढं म्हणतात अन् लोक चहाच्या दिशेनं वळून बसतात. अध्यक्ष उठायच्या बेतात होते.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. रामकिशनराव उभे राहिले होते. टोपी हातात.

"म्या इचारलं तर चालंल का?"

हॉलमधली सगळी डोकी मागं वळली. मॅडमनी अध्यक्षांकडं बघितलं. अध्यक्ष म्हणाले, "विचारा ना. नियमच आहे."

रामकिशनरावांनी पोरीकडं बघितलं. "बाई, म्या तुजं समदं ऐकलं. धूर घ्यायचा, त्याचं काम करायचं. येवडी वरसं तू हेच करायलीस. तर आत्तापतूर किती धूर साफ केलास?"

 पहिल्या रांगेतला एक प्राध्यापक खाली बघायला लागला. मला वाटलं, आता ती मिलीग्राम, तास, असलं काहीतरी सांगेल. पडद्यावर आकडे होतेच. तिनं नुसतं रिमोटचं बटण दाबलं असतं तरी सुटली असती.

तिनं रिमोट टेबलावर ठेवला.

"बाबा, तुमी आत्ता एवढं बोलताना जेवढा श्वास बाहेर सोडला ना, त्यातबी थोडा धूर असतो. पाच वरसांचे माझे सगळे प्रयोग एका जागी केले, तरी त्या एका श्वासातला साफ व्हायचा न्हाई."

 परीक्षकांचं पेन सहीच्या कागदावर टेकलेलं, तसंच थांबलं. रामकिशनरावांनी टोपी डोक्यावर ठेवली, नीट केली.

"मग काम खरं हाय," म्हणाले, अन् खाली बसले.